कोटखोलीतले फोन

"हा तुझा फोन नाही," बुरुलचा म्हणाली आणि तो काळा फोन तिनं फळीवरून परत सरकवला.

"माझाच आहे, एजे. शप्पथ!"

"सकाळी सकाळी शपथा घेऊ नकोस. बाहेर उणे बावीस आहे आणि तू पार नदीपलीकडून चालत आलास. खिशातला फोन अंगाच्या उबेनं कोमट असतो. याला हात लावून बघ. मढ्यासारखा गार. दप्तराच्या तळाशी पडून आलाय हा. आजोबांचा जुना ना?"

नववीतल्या एर्निसच्या मागं उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून खरा फोन काढला आणि मुकाट्यानं फळीवर ठेवला.

"तुम्ही पोलिसात जायला हवं होतं, एजे."

"तिथं चहा वेळेवर मिळत नाही. कोट दे आणि पुढं सरक."

शाळेची कोटखोली सांभाळणाऱ्या बुरुलचाला सगळे एजे, म्हणजे ताई म्हणत. तिनं कोट आकड्याला अडकवला, फोन त्याच नंबरच्या कप्प्यात टाकला आणि प्लास्टिकचा बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. आठ वाजायला दहा मिनिटं होती. तळमजल्यावर जिन्याशेजारच्या त्या लांबट खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला होता, आणि रांग अजून दारापर्यंत होती.

फोनचा नियम सप्टेंबरात आला होता, आणि बुरुलचाला तो पटला होता. त्याआधी मे महिन्यात भौतिकशास्त्राचे म्हातारे कालिक आगाई, म्हणजे कालिक सर, वर्गात आपला चष्मा शोधत होते. टेबलावर शोधला, खिशात शोधला, खुर्चीखाली वाकून पाहिलं. चष्मा कपाळावर होता. मागच्या बाकावरून कोणीतरी ते टिपलं, त्याला नाचाचं गाणं जोडलं, आणि दोन दिवसांत सगळ्या नारिन शहरानं ते पाहिलं. बाजारात कांदे विकणारी बाईसुद्धा आगाईंना विचारायला लागली, "सापडला का चष्मा?" आगाई हसून पुढं जायचे. जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते गावाकडं मेंढ्या राखणाऱ्या भावाकडं निघून गेले. छत्तीस वर्षं शिकवलेला माणूस! बुरुलचाच्या मुलालाही त्यांनीच शिकवलं होतं.

म्हणून पालकांच्या सभेत मुख्याध्यापक तालाय आगाईंनी जेव्हा जाहीर केलं, की शाळा सुटेपर्यंत फोन कोणाजवळ राहणार नाही, तेव्हा मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बुरुलचानं सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. खरं तर सभेत मत द्यायचा हक्क तिला नव्हता.

"ठेवायचे कुठं एवढे फोन?" कोणीतरी विचारलं.

"कोटखोलीत," तालाय आगाई म्हणाले. "कोट तर घेताच ना तुम्ही, एजे? त्याबरोबर फोनही घ्या."

सभागृहाचे जुने लाल मखमली पडदे अडगळीत पडले होते. ते कापून बुरुलचानं आठ दिवसांत तीनशे वीस कप्पे शिवले आणि भिंतीवर टांगले. दिसायला देखणं काम झालं होतं. पोरांना फोन आवाज बंद करून द्यायला सांगितलं होतं, पण निम्म्यांच्या ते लक्षात राहत नसे. दुपारपर्यंत त्या मखमलीत कुठं ना कुठं घुरघुर चालायची, मधूनच एखादं गाणं वाजायचं. बुरुलचा गरम पाण्याच्या नळ्यांच्या उबेला पाठ लावून विणत बसायची. आलेल्या फोनला तिनं कधी हात लावला नाही.

याचं कारण जुनं होतं. अठराव्या वर्षी ती पोस्टाशेजारच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली आणि ते बंद पडेपर्यंत तेवीस वर्षं तिथंच होती. कानावर हेडफोनची पट्टी चढवून बसायचं, वायर खुपसायची, बाहेर फोनची वाट बघणाऱ्यांना मोठ्यानं पुकारायचं, "मॉस्को, तीन नंबरच्या खोलीत!" कोणाचा मुलगा सैन्यात, कोणाचा नवरा खाणीत. तिची पहिली साहेबीण फार कडक होती. ती सांगायची, जोडायचं आणि बाजूला व्हायचं, दुसऱ्याच्या बोलण्यात कान घालायचा नाही. आणि पलीकडून कोणी उचलत नसेल तर बाहेर बाकावर बसलेल्या बाईला स्पष्ट सांगायचं, "उत्तर नाही." समोरची रडली तरी तेच सांगायचं. तेवीस वर्षांत बुरुलचानं हे दोन्ही पाळलं होतं.

नोव्हेंबरात तिच्या लक्षात आलं, की एकशे अठरा नंबरचा कप्पा रोज अकरा वाजून वीस मिनिटांनी घुरघुरतो. तीनदा वाजायचा आणि थांबायचा. एकदा फोन कप्प्यातून थोडा वर आला होता, तेव्हा पडद्यावर तिला अक्षरं दिसली. 'आपा'. म्हणजे आई.

साडेअकराच्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी खाली यायची. आयजार्किन तिचं नाव; उंच, हडकुळी, बाहीला कायम खडूची भुकटी. फळीवर कोपरं टेकून ती विचारायची, "एजे, वाजला?"

"वाजला."

एवढं ऐकलं की ती उड्या मारत जिना चढून जायची. फोन मागायची नाही, की नुसता बघू द्या असंही म्हणायची नाही. आठ-दहा दिवस हे पाहिल्यावर बुरुलचानंच विचारलं, "पोरी, रोज आई फोन करते आणि तू बोलत नाहीस. तिला वेळ बदलायला सांग ना."

"वेळ नाही बदलता येत, एजे. ती मॉस्कोकडं एका गोदामात पार्सलं भरते. तिथं तेव्हा सकाळ असते. साडेआठला आत जातात, तर फाटकावरच फोन काढून घेतात. पेटीत ठेवतात. सुटते तेव्हा आपल्याकडं मध्यरात्र. मी मावशीकडं राहते, मावशीची तीन बारकी पोरं माझ्याच खोलीत झोपतात."

"तिचाही फोन काढून घेतात?"

"हो ना! आमच्यासारखंच." मुलीला त्याचं हसू आलं. "मी उचलणार नाही हे तिला माहितीये. तरी आत जाताना नुसती रिंग देते. म्हणजे तिचं सांगणं, मी उठले, जेवले, कामावर आले, सगळं ठीक आहे. रविवारी बोलतो आम्ही पोटभर."

"मग फोन एक वाजता हातात मिळतोच की तुला. तेव्हा कळेल."

"पण मधे दीड तास असतो ना, एजे," आयजार्किन म्हणाली, जणू त्यात समजावण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हापासून अकरा वीसला बुरुलचा सुया खाली ठेवू लागली. कप्पा तीनदा घुरघुरला की पुन्हा विणायला घ्यायची. बेर्मेत, म्हणजे त्या मुलीची आई, तिनं कधी पाहिली नव्हती. तरी ती बाई आता फाटकातून आत गेली, असं तिला दिसल्यासारखं वाटायचं.

डिसेंबरातल्या एका बुधवारी अकरा वीस झाले. पंचवीस झाले. बुरुलचा उठली, एकशे अठरामध्ये दोन बोटं घालून फोन वर ओढला. फोन चालू होता. परत ठेवला. तेवढ्यात घंटा झाली आणि आयजार्किन दोन मैत्रिणींबरोबर जिन्यावरून धडधडत खाली आली. तिच्या हातात बोरसोक, म्हणजे तळलेला पावाचा तुकडा होता, आणि कशावरून तरी तिघींना हसू आवरत नव्हतं.

"वाजला, एजे?"

"वाजला," बुरुलचा म्हणाली.

आपण असं का म्हणालो हे तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. मुलगी हसत होती, एवढंच तिला दिसलं. आयजार्किननं हातातला बोरसोक मोडला, निम्मा फळीवर ठेवला आणि पोरी पळाल्या. बुरुलचानं तो चहात बुडवून खाल्ला. गोदामातल्या बाईला एखादा दिवस उशीर होतो, तिनं स्वतःला सांगितलं. बस चुकते. उद्या वाजेल.

गुरुवारीही फोन वाजला नाही.

आयजार्किन एकटी आली. फळीपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"वाजला?"

आता "नाही" म्हणायचं तर कालचं कसं निस्तरायचं? "वाजला, पोरी."

"नेहमीच्याच वेळी?"

"नेहमीच्याच."

मुलगी तिच्याकडं बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि एकेक पायरी चढत वर गेली. त्या दुपारी बुरुलचाच्या विणकामात दोनदा टाके सुटले. घरी तिनं जेवण केलं नाही, नुसता चहा घेतला. उद्या मुलीला खरं सांगायचं, असं तिनं ठरवलं. कोणत्या शब्दांत सांगायचं तेही ठरवलं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी एकशे अठरा वाजायला लागला. पडद्यावर 'आपा' नव्हतं. रशियातला अनोळखी नंबर होता. फोन तीनदा वाजून थांबला नाही. वाजून वाजून बंद झाला, आणि लगेच पुन्हा सुरू झाला. मग तिसऱ्यांदा. अशा लागोपाठच्या फोनमागं काय असतं हे बुरुलचाला एक्स्चेंजमधल्या दिवसांपासून ठाऊक होतं. ती फोन घेऊन उठली, दाराला कडी घातली आणि जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली.

आठवीच्या वर्गात गणिताचा पेपर चालला होता. नुरजामाल एजे बाकांमधून फिरत होत्या.

"एजे, आयजार्किनला दोन मिनिटं बाहेर सोडता का?" बुरुलचा दारातून म्हणाली. "रशियाहून फोन येतोय. तीनदा आला."

नुरजामाल दाराशी आल्या. आवाज खाली ठेवून, पण ठामपणे म्हणाल्या, "एजे, या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप रशियात आहेत. आज हिला सोडलं तर उद्या कोणाला नाही म्हणू? तुम्हीच तर सभेत हात वर केला होता. पंचवीस मिनिटांत पेपर संपेल, मग बोलू दे."

त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या. बुरुलचालाही ते कळत होतं. तिसऱ्या बाकावर आयजार्किन उठून उभी राहिली होती.

"तू बस," नुरजामाल म्हणाल्या. ती बसली.

तेवढ्यात बुरुलचाच्या हातातला फोन चौथ्यांदा वाजला.

तिनं हिरवं बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.

"नारिन बोलतंय," ती म्हणाली. आवाज उंच, स्वच्छ, एका लयीतला. मागच्या बाकापर्यंत सगळ्या पोरांनी माना वर केल्या. त्या म्हातारीला असा आवाज आहे हे कोणाला माहीत नव्हतं. "हो, शाळाच. मुलगी समोर आहे. ठेवू नका. जोडते."

आणि तिनं नुरजामाल एजेंच्या खांद्यावरून हात लांब करून फोन पुढं धरला.

नुरजामाल बाजूला सरकल्या.

"जा," त्या आयजार्किनला म्हणाल्या. "बाहेर उभी राहून बोल. पेपर उपडा ठेवून जा."

बुरुलचा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. तरीही कानावर पडायचं ते पडलंच. "कधी? ... खूप दुखतं का? ... खायला देतात का? ... मी नाही रडत. तू रडू नकोस."

चार-पाच मिनिटांनी पावलं जवळ आली.

"आई नर्सच्या फोनवरून बोलत होती," आयजार्किन म्हणाली. "नर्सची रात्रपाळी संपली, ती घरी निघाली, म्हणून आई घाई करत होती. मंगळवारी कामावरच पोटात कळ आली. अपेंडिक्स. रात्रीच कापलं. तिचा फोन फाटकावरच्या पेटीतच राहिला, आणि नर्सनं आज कुठं आपला दिला. तिला एकच नंबर पाठ आहे. माझा."

"आता बरी आहे?"

"बसते म्हणे उठून."

"देवाची कृपा," बुरुलचा म्हणाली आणि तिनं हात पुढं केला, मुलीच्या डोक्यावर ठेवावा म्हणून. मुलगी थोडी मागं सरली.

"एजे, बुधवारी तुम्ही म्हणालात, वाजला."

बुरुलचानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"मी घरी जाऊन बघितलं. फोनमध्ये काहीच नव्हतं. आलेला फोन दिसतो ना त्यात, न उचललेला सुद्धा दिसतो." तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं ते ऐकणं जास्त जड जात होतं. "मी मावशीला सांगितलं, आईचा फोन आला नाही, लागतही नाहीये. तर मावशी म्हणाली, कोटखोलीतल्या एजे म्हणाल्या ना वाजला म्हणून? मग तुझा फोनच बिघडलाय. तिनं कुठंच विचारलं नाही. काल मी परत तुम्हाला विचारलं. मला वाटलं, आता तरी खरं सांगाल."

एक्स्चेंजमध्ये वाजून गेलेल्या फोनची कुठं खूण राहत नसे. बुरुलचाकडं मुलानं घेऊन दिलेला बटणांचा साधा फोन होता. त्यातलं हिरवं आणि लाल, एवढंच तिला कळत होतं. पण हे काही सांगण्यासारखं कारण नव्हतं. कळलं असतं तर आपण खोटं बोललो नसतो, एवढाच त्याचा अर्थ झाला असता.

"नव्हता वाजला," ती म्हणाली. "दोन्ही दिवस. मी खोटं बोलले."

आयजार्किननं मान हलवली, फोन तिच्या हातात परत दिला आणि ती पेपर लिहायला आत गेली.

शाळा सुटल्यावर तालाय आगाईंनी बुरुलचाला वर बोलावलं. बसायला खुर्ची दिली, स्वतः चहा ओतला. माणूस वाईट नव्हता.

"एजे, मुलीची आई वाचली, चांगलं झालं. पण परीक्षा थांबवून, वर्गाच्या दारात उभं राहून विद्यार्थ्याचा फोन आपणच घ्यायचा? आता पालक विचारतील, आमच्या मुलांना अशी सवलत का नाही. मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. लेखी खुलासा द्या, म्हणजे विषय संपेल. आणि सोमवारपासून फोन वर्गशिक्षकांकडं, कुलपाच्या कपाटात. तुमच्यावर भार नको."

"भार नव्हता," बुरुलचा म्हणाली.

"तरीही."

त्यांनी कोरा कागद पुढं ठेवला. तिनं चष्मा लावला. एक्स्चेंजमध्ये नोंदी करून करून तिचं अक्षर वळणदार झालं होतं. सावकाश लिहून तिनं सही केली, तारीख घातली आणि कागद फिरवून त्यांच्याकडं सरकवला. तालाय आगाई वाचू लागले.

*बुधवारी आणि गुरुवारी आठवीतल्या विद्यार्थिनीनं मला विचारलं, की आईचा फोन वाजला का. फोन वाजला नव्हता. मी वाजला म्हणून सांगितलं. त्यामुळं तिच्या घरच्यांनी दोन दिवस चौकशी केली नाही. ही माझी चूक आहे. पुन्हा होणार नाही.*

त्यांनी कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं.

"एजे, मी हे विचारलंच नव्हतं. मला तर हे माहीतही नव्हतं. मी फोन उचलल्याबद्दल विचारत होतो."

"ती चूक नव्हती, आगाई."

"म्हणजे त्याबद्दल काहीच लिहिणार नाही तुम्ही?"

"नाही." तिनं चहाचा शेवटचा घोट घेतला. "नियमाप्रमाणं काय करायचं असेल ते करा. मी मनात धरणार नाही."

तालाय आगाईंनी कागदाची घडी घातली आणि तो फाइलमध्ये न ठेवता खणात ठेवला.

"जा, एजे," ते म्हणाले. "खाली पोरं थंडीत खोळंबली असतील."

सोमवारी फोन वर्गावर्गात गेले. बुरुलचानं मखमलीचे कप्पे भिंतीवरून उतरवले, झटकले आणि शिवणाच्या बाईंना देऊन टाकले. त्यांना मुलींच्या नाचाच्या पोशाखाला कापड हवंच होतं. कोटखोली पुन्हा नुसती कोटांची झाली. अकरा वीसला तिथं नळ्यांतल्या पाण्याखेरीज कसला आवाज नसायचा.

आयजार्किन सकाळी कोट द्यायची, दुपारी घ्यायची. "नमस्कार, एजे." "येते, एजे." त्यापलीकडं शब्द नाही. साडेअकराच्या सुट्टीत ती खाली येत नसे. यायचं कारणही उरलं नव्हतं. बुरुलचानं तिला कधी थांबवलं नाही. एकदोनदा वाटलं, आई कशी आहे एवढं तरी विचारावं. पण ते विचारायचा हक्क आपण घालवला, असं तिचं मन सांगे, आणि ती कोट पुढं करे.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी गर्दी ओसरली तरी आयजार्किन कोट घालून फळीपाशी उभीच होती. गुंड्या लावून झाल्या, टोपी घालून झाली.

"काही विसरलीस?"

"आई परत कामावर जाते आता," मुलगी फळीकडं बघत म्हणाली. "जड उचलायचं काम नाही देत तिला. चिकटपट्टी लावायला बसवलंय."

"बरं झालं."

"रविवारी ती विचारत होती. म्हणाली, त्या दिवशी फोनवर पहिल्यांदा बोलल्या त्या कोण? त्यांचा आवाज ऐकला आणि मला धीर आला म्हणाली. म्हणाली, त्यांचं नाव काय?"

"मग? काय सांगितलंस?"

"मला माहीतच नव्हतं." आयजार्किननं मान वर केली. तिचे कान लाल झाले होते. "पहिलीपासून कोट देतेय तुमच्याकडं. नावच माहीत नाही."

बुरुलचानं हातातली विणसुई खाली ठेवली.

"बुरुलचा," ती म्हणाली.

"बुरुलचा एजे," मुलीनं एकदा म्हणून पाहिलं. मग दप्तर खांद्यावर चढवून ती दाराबाहेर पडली.

बाहेर चांगलंच ऊन पडलं होतं, आणि बर्फ डोळ्यांत भरेल इतका पांढरा होता. खिडकीतून बुरुलचाला ती फाटकाकडं चालत जाताना दिसली. एकटीच होती, आणि तिचे ओठ हलत होते. थंडीत त्यांच्यातून निघणारी वाफ थोडी थोडी, शब्दाशब्दाला सुटत होती, जशी काही पाठ करणाऱ्या माणसाची सुटते.